गवताची वाट

३ सप्टेंबर
निवृत्तीच्या समारंभात मिळालेली ही डायरी आज पहिल्यांदा उघडली. तिचं वर्ष उलटून गेलंय, त्यामुळे छापलेले वार चुकीचे आहेत. तारखा बरोबर आहेत, आणि माझं काम तारखांशीच आहे.

पक्षाघातानंतर ताईला दवाखान्यातून माझ्या घरी आणल्याला तीन आठवडे झाले. डावा हात बराच सुधारलाय, डावा पाय नाही. जीभ आजारी पडलीच नव्हती. पस्तीस वर्षं ती शाळेत खेळाच्या बाई होती. शिट्टी गेली, आवाज राहिला. एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, लिफ्ट नाही. ते आता संपलं. मी तिला म्हटलं, ‘ताई, आता इथेच राहायचं. कसली काळजी करू नकोस.’

‘काळजी तू करतोयस, छोट्या,’ ती म्हणाली.

मी सहासष्ट वर्षांचा आहे.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी हिरवं असू द्या. त्यांना बहुधा कुंडी म्हणायची असावी. मी मागच्या अंगणात कुरण करायचं ठरवलंय.

५ सप्टेंबर
अंगण मोजलं. नऊ मीटर वीस बाय सहा मीटर दहा. जमीनमोजणीत छत्तीस वर्षं काढल्यावर माणूस पावलांनी मोजत नाही, टेपच लावतो. शेजारच्या कंडक्टरचं कुंपण अजूनही माझ्या हद्दीत चौदा सेंटिमीटर आहे. अकरा वर्षांपूर्वी मी त्याला ते दाखवून दिलं, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. बसमधून निवृत्त होऊन त्याला जमाना झाला, पण कुंपणापलीकडून खोकतोसुद्धा दोनदा, घंटी मारल्यासारखा.

बियांच्या दुकानातल्या बाईंनी पाकीट दिलं. वर छापलंय, ‘कुरणगवत, बहुवर्षायू’. असा आशीर्वाद मला कुणी दिल्याचं आठवत नाही. बाई म्हणाल्या, ‘हे सावकाश उगवतं. तीन आठवडे माती ओली ठेवायची आणि धीर धरायचा. एकदा धरलं की जमिनीखालून आडवे धुमारे सोडतं, मोकळी जागा आपली आपण भरून काढतं. पण पहिले सहा महिने त्यावर कुणी चालायचं नाही.’

‘आमच्याकडे चालणारं कुणी नाहीच,’ मी म्हटलं.

९ सप्टेंबर
पेरणी केली. बी इतकं बारीक की शिंकलो असतो तर कंडक्टरकडे कुरण झालं असतं. अर्धं उभं फेकलं, अर्धं आडवं, वरून दाताळं हलकं फिरवलं. ताईची खुर्ची खिडकीशी लावून दिली. संध्याकाळपर्यंत तिने ओल्या मातीकडे पाहिलं.

‘कसं वाटतंय?’ मी विचारलं.

‘चिखल बघितल्यासारखं.’

२७ सप्टेंबर
अठरा दिवस. काही नाही. दिवसातून चार वेळा झारी. फसवणूक झाल्याची शंका येते. ही असती तर म्हणाली असती, अहो, मातीकडे असं रोखून बघू नका, ती लाजते. ही जाऊन चार वर्षं झाली. अंगणात तेव्हापासून भंगारच होतं.

३० सप्टेंबर
आलं! आडवं झोपून पाहिलं तरच दिसतं, पण आलं. मी ओरडलो. ताई खिडकीतून म्हणाली, ‘ऊठ आता, शेजारी बघतायत.’ कंडक्टर खरंच बघत होता. बघू दे.

१९ ऑक्टोबर
वाईट दिवस. ताई न्हाणीघरात पडली. कुणाला न सांगता भिंत धरून निघाली होती. हाड शाबूत आहे. मीच घाबरून इकडून तिकडे धावत होतो, तिने जमिनीवरूनच मला ‘खाली बस, दीर्घ श्वास घे’ असं सांगितलं.

नवा नियम केलाय: दोन माणसं हजर असल्याशिवाय ताईने उभं राहायचं नाही. व्यायाम करून घेणारी मुलगी आठवड्यातून दोनदा येते, तेव्हा ती आणि मी. बाकी वेळ खुर्ची. व्यायामवाली म्हणाली, ‘काका, पण त्या चालल्या नाहीत तर चालणार कशा?’ हल्लीच्या मुलींना शब्दांशी खेळायला आवडतं.

८ नोव्हेंबर
पहिली कापणी. पात्याला धार लावून आणली. फक्त वरचा एक तृतीयांश भाग कापायचा, अधाशीपणा केला तर गवत दुखावतं. कापल्यावर दाट दिसतं. मी खूश.

दुसरं काम: ताईच्या खोल्या सोडण्याचा अर्ज आणला. ३१ मार्चपर्यंत घरमालकाला कळवायचंय. रिकाम्या खोल्या अडवून ठेवण्यात अर्थ नाही. अर्ज आणि पेन तिच्या टेबलावर ठेवलं. ‘ठेव तिथे, बघते,’ म्हणाली.

१६ नोव्हेंबर
गवतात खुणा! सकाळी सातला (झोपेच्या गोळीमुळे त्याआधी मला जाग येत नाही) दवावर ठसे दिसले. मागच्या पायरीपासून साधारण दीड मीटर, आणि परत. पंजा स्पष्ट नाही. एक ठसा खोल, त्याच्याशेजारी फरफटल्यासारखा ओरखडा. दोन ठशांमधलं अंतर एकवीस सेंटिमीटर. कुठलातरी प्राणी रात्री येतोय. कंडक्टरने काहीतरी पाळलं असणार.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, ‘कोवळ्या गवतावर येतात प्राणी.’

२ डिसेंबर
प्राणी आता पाच मीटरपर्यंत जातो. अंतर एकोणतीस सेंटिमीटर, म्हणजे वाढतोय. तीन ठिकाणी गवत गोलसर दबलंय, तिथे तो लोळत असावा. रोज त्याच रेषेत येत असल्यामुळे पट्टा पडायला लागलाय. माझं नऊ आठवड्यांचं गवत! बियांच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं, आकृती काढून दाखवली. बाईंनी आकृती फिरवून फिरवून पाहिली.

‘हा डावा पाय ओढतोय,’ त्या म्हणाल्या.

म्हणजे जखमी आहे. माझा राग थोडा उतरला.

५ डिसेंबर
झोपण्याआधी मागच्या पायरीवर बशीत दूध ठेवलं.

६ डिसेंबर
बशी रिकामी. धुतलेली. पायरीवर पालथी घातलेली.

७ डिसेंबर
सुतार आला. मागच्या दाराला वर, माझ्या हाताच्या उंचीवर, नवी कडी बसवून गेला. त्याला मागच्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. प्राणी घरात शिरायला नको. कडी लावली.

८ डिसेंबर
ठसे नाहीत. ताई दिवसभर बोलली नाही. चहा थंड होऊ दिला. दुपारी खिडकीकडे पाठ करून बसली. व्यायामवालीलाही म्हणाली, ‘आज राहू दे गं.’

९ डिसेंबर
कडी लावायला विसरलो. वय.

१० डिसेंबर
ठसे आहेत. ताईने सकाळी दोन पाव खाल्ले आणि माझ्या शर्टाच्या बटणावरून माझी हजेरी घेतली.

२२ डिसेंबर
गेले दहा-बारा दिवस कडी रोज विसरतोय. डॉक्टरांना दाखवायला हवं.

११ जानेवारी
अंतर अडतीस सेंटिमीटर. ओरखडा पुसट होत चाललाय. आता अंगणाच्या टोकापर्यंत आणि परत. लोळण्याच्या नव्या जागा गेल्या आठवड्यात एकही नाही. मात्र आणखी एक नवा ठसा: रुंद, जड, बुटाचा असल्यासारखा, पहिल्याच्या मागे थोडं अंतर ठेवून. कुंपणाजवळून येतो. दोन प्राणी झाले.

गवत एरवी छान आहे. थंडीत वाढ मंद, पण रंग गडद. फक्त मधोमध एक मळकट पट्टा. अर्ज टेबलावर तसाच होता, वर वर्तमानपत्रं जमली होती. ती काढून अर्ज वर ठेवला.

३ फेब्रुवारी
काल गोळी घेतली नाही. मुद्दाम नाही, संपली होती. सहाला जाग आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं ते लिहितो.

ताई अंगणात चालत होती. अनवाणी. साडी एका हाताने जराशी उचलून धरलेली, दुसरा हात मोकळा. तिच्या मागे दोन पावलांवर कंडक्टर, हात पसरून, पण स्पर्श न करता, सायकल शिकणाऱ्या मुलामागे धावावं तसा. हळू आवाजात म्हणत होता, ‘पुढे चला, पुढे जागा आहे.’ ताई टोकाला पोचली, वळली. वळताना जराशी झुकली. त्याचे हात पुढे आले. तिने त्याच्याकडे एकच नजर टाकली, हात मागे गेले.

मी अंथरुणात परत जाऊन पडलो. सातला उठलो, नेहमीसारखा.

डायरीत आजचं अंतर टिपायचं राहिलं.

१८ फेब्रुवारी
मळकट पट्ट्यात नवे कोंब! नखाएवढे, पट्टाभर, एकसारखे. यालाच म्हणतात बहुवर्षायू. जमिनीखालून धुमारे आले असणार. तुडवलं तरी भरून काढतं. मी ताईला खुर्चीसकट दाराशी नेऊन दाखवलं.

‘बघ, किती चिवट आहे,’ मी म्हटलं.

‘आहे खरं,’ ती म्हणाली. ‘त्याला कुणी खिडकीशी बसवून ठेवलं नाही म्हणून.’

६ मार्च
अर्ज आज पुन्हा वर काढून ठेवला. पेनातली शाई वाळली होती, नवं पेन ठेवलं.

१२ मार्च
सकाळी मी चहा गाळत होतो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर ताई उभी. भिंतीला हात नाही, टेबलाला नाही. माझ्याकडे चालत आली, आठ पावलं, माझ्या हातातून कप घेतला आणि एक घोट घेतला.

‘साखर कमी आहे,’ म्हणाली. ‘मी तेवीस तारखेला घरी जाते, छोट्या.’

‘घरी म्हणजे?’

‘माझ्या. तिसरा मजला.’

‘वेड लागलंय का? पडलीस म्हणजे?’

‘पडले की. चौदा वेळा पडले, तुझ्या गवतावर. एकदाही लागलं नाही. दुसऱ्या वेळेला पडले तेव्हा हे कंडक्टर कुंपणावरून उडी मारून आले. सत्तर वर्षांचा माणूस! त्यांनाच लागलं. महिनाभर लंगडत होते, म्हणून मग नंतर आले.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर तू चालू दिलं असतंस?’

मी अर्जाचं विचारलं. सही केलीस का म्हटलं. तिने वर्तमानपत्रांखालून तो ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. पुढची बाजू कोरी. मागच्या बाजूला तिच्या हातच्या बारीक नोंदी: तारीख, किती फेऱ्या, किती वेळा पडले. मी डायरी काढून ताडून पाहिलं. सगळं जुळलं. फक्त तिच्या नोंदींत प्राणी नव्हता.

१३ मार्च
डायरीत खोटं लिहिण्यात काही अर्थ नाही, ती वाचणारा मीच. तरी लिहिलं.

बशी पालथी दिसली तेव्हाच मला कळलं. आमच्या घरात भांडं धुऊन पालथं घालायची सवय आईने लावली, ती एकाच माणसाने उचलली. माझी भांडी अजून उताणी असतात. छत्तीस वर्षं मी शेताच्या बांधावरून कोण गेलं ते सांगत आलो, आणि माझ्या अंगणात डाव्या पायाचा प्राणी ओळखू नये? मी सात डिसेंबरला कडी लावली, कारण मला भीती वाटली. ती पडेल याची भीती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आठला ती बोलली नाही. नऊला कडी काढली. त्यानंतर ‘विसरलो’ ते सगळे दिवस मी दारापर्यंत जाऊन, हात वर करून, कडी निघालेली आहे ना ते पाहून झोपत होतो.

आणि सकाळी अर्ज वर काढून ठेवत होतो. एका हाताने कडी काढायची आणि दुसऱ्या हाताने पेन पुढे करायचं, याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. प्राणी लिहिलं की बरं वाटायचं. प्राणी कुठे सोडून जात नाहीत, गवतावर येत राहतात.

२३ मार्च
ताईला पोचवलं. एक पेटी, एक पिशवी. कंडक्टरने न विचारता पेटी उचलली. गाडीत आम्ही दोघं मागे बसलो, ताई पुढे. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य तोच बोलला.

‘तुमच्या गवताची पार वाट लावली आम्ही.’

‘वाटच लागली,’ मी म्हटलं. ‘सरळ रेषेत लावलीत, त्याबद्दल आभार.’

तो दोनदा खोकला. नंतर मला कळलं की तो हसत होता. म्हणाला, कुंपण सरकवून घेऊ का, चौदा सेंटिमीटर? मी म्हटलं राहू द्या, आता गवत त्याच्या खालून गेलंय.

त्रेपन्न पायऱ्या. ताई प्रत्येक मजल्यावर थांबली. आम्हीच जास्त धापा टाकत होतो.

२७ मार्च
घरात फार शांत आहे. आवाज नाही म्हणून काल दोनदा रेडिओ लावला.

बियांच्या दुकानात खत आणायला गेलो. बाई म्हणाल्या, ‘तुमच्या ताईंनी नेलेलं बी उगवलं का?’

‘कुठलं बी?’

‘जानेवारीच्या शेवटी आल्या होत्या ना, त्या बसवाल्या काकांबरोबर. म्हणाल्या, पट्टा उघडा पडलाय, भाऊ मनाला लावून घेईल. पुन्हा फेब्रुवारीत येऊन आणखी एक पाकीट नेलं.’

गुरुवारी मी वाचनालयात असतो, तेव्हा आल्या असणार. म्हणजे ते कोंब धुमाऱ्यांचे नव्हते. दुकान घरापासून चारशे दहा मीटर. जाऊन येऊन आठशे वीस. जानेवारीअखेर जो माणूस आठशे वीस मीटर चालतो तो तेव्हाच आपल्या घरी जाऊ शकतो. मग फेब्रुवारीभर आणि अर्धा मार्च ताई इथे खुर्चीत बसून काय करत होती, हे काही माझ्या लक्षात येत नाही. कदाचित बी उगवेपर्यंत थांबली असेल. तिला अर्धवट काम आवडत नाही.

२९ मार्च
कापणी. आता वाढ जोरात आहे. कंडक्टर सकाळी सहाला सवयीने कुंपणाशी येऊन उभा राहतो. मीही हल्ली सहाला उठतो. काल तो म्हणाला, ‘आज कुणाला फिरवायचं?’ आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंनी चहा प्यायलो. त्याच्या बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं. मी नऊ वर्षं त्याच्या कुंपणापासून चार मीटरवर झोपतोय.

२ एप्रिल
दुपारी ताईकडे गेलो. त्रेपन्न पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा मला बोलता येत नव्हतं. तिने पंखा लावला, पाणी दिलं, आणि माझी नाडी घड्याळ लावून मोजली. ‘तुला चालायला हवं,’ म्हणाली. ‘सात महिने माझ्याभोवती बसून राहिलास.’

खोल्या झाडून-पुसून लख्ख. तिने चहा स्वतः केला. कपबशी एका हाताने धरून आणली, थोडा सांडला, मी उठलो नाही. उठलो असतो तर तिला आवडलं नसतं, एवढं मला या सात महिन्यांत समजलंय. घरमालकाचं विचारलं. खोल्या तिच्याच नावावर राहिल्यात. मी म्हटलं, बरं झालं. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की मला ते खरंच वाटतंय, निदान पंखा चालू होता तोवर.

मग मी बी-बियाण्याचं विचारलं. फेब्रुवारीत का थांबलीस? ती कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, ‘तू रोज संध्याकाळी मला गवताची उंची सांगायचास. मिलिमीटरमध्ये.’

‘मग?’

‘मग काय. ऐकणारं कुणीतरी हवं ना.’

मला वाटलं गवताबद्दल बोलतेय. उंची आज चौसष्ट मिलिमीटर आहे, ते सांगितलं.

निघताना मी म्हटलं, खाली येऊ नकोस. ती आली. प्रत्येक पायरी दोन पावलांत, माझ्या पुढे. फाटकाशी म्हणाली, ‘पोचलास की फोन कर.’ आणि वळून पुन्हा चढायला लागली. मी रस्त्यावर उभा राहून ऐकत होतो. एक पाऊल ठाम, एक किंचित उशिरा. पहिला मजला. दुसरा. मग बराच वेळ काही नाही, माझा हात फाटकावर गेला. मग पुन्हा सुरू. वर दार लागल्याचं ऐकू आलं, तेव्हा निघालो.

घरी येऊन पाणी घालायला अंगणात गेलो आणि फोन करायचं साफ विसरलो. साडेसातला तिचाच आला.

‘मेलास का?’

‘पोचलो, ताई. पाणी घालत होतो.’

‘मग सांगायचं कुणी? इकडे माणूस जीव मुठीत धरून बसलंय, आणि हा पाणी घालतोय. सहासष्ट वर्षांचा झालास, एक फोन करता येत नाही...’

ती बराच वेळ रागावली. मी झारी खाली ठेवली, पायरीवर बसलो आणि शेवटपर्यंत ऐकत राहिलो.